पासपोर्टच्या फोटोमागचा पडदा

मित्रांनो, मी एक पडदा आहे. खिडकीचा नाही आणि नाटकाचाही नाही. फोटो काढताना माणसाच्या पाठीमागे जो पांढरा पडदा लावतात ना, तो मी. माझ्याकडे कुणी बघत नाही. माझी एक सुरकुती दिसली तरी फोटो बाद. म्हणजे न दिसणं हेच माझं काम. तुमची दया मला नको. फक्त सांगतो ते शेवटपर्यंत ऐका.

मी जाड सुती कापड. फोटोवाल्याच्या बायकोने मला कापून कडा शिवल्या, वर नेफा केला, त्यात दांडी घातली आणि स्टुडिओत टांगलं. स्टुडिओ म्हणजे काय, तर जिन्याखालची एक खोली. दोन छत्रीदिवे, एक गोल स्टूल आणि एक आरसा. आरशाला दोरीने कंगवा बांधलेला. अख्ख्या गल्लीने त्या एका कंगव्याने केस विंचरले आहेत.

माझे चांगले दिवस होते. शाळेच्या ओळखपत्राची पोरं, नोकरीच्या अर्जाचे उमेदवार, सगळे माझ्यासमोर ताठ बसायचे. ‘पडदा बघा, दूध आहे दूध,’ असं फोटोवाला गिऱ्हाइकांना सांगायचा. पण खरं नाव होतं ते त्याच्या हाताला. आधी पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर तो चेहरे साफ करायचा. मुरूम गेला, डाग गेला, डोळ्यांखालचं काळं गेलं, रंग जरा उजळला. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. हात आपोआप चालायचा. आणि लोक खूश! हा मी नव्हेच, असं एकही माणूस म्हणाला नाही. तुम्हीही म्हणाला नसता.

पुढे कॉम्प्युटर माझंही काम करू लागला. मागे भिंत असो की कपाट, तो ते कापून पांढरं करून द्यायचा. मला खाली उतरवलं. प्रिंटरवर धूळ बसू नये म्हणून मला त्यावर घातलं. वर कुणी चहाचा कपही ठेवायचं. असो.

मग इस्त्रीवाल्या काकू आल्या. गल्लीच्या टोकाला त्यांचं इस्त्रीचं टेबल. त्यांचा एकुलता एक मुलगा परदेशात इमारतींच्या बांधकामावर होता. तो उंच परांचीवरून पडला. जीव होता, शुद्ध नव्हती. तिथल्या नर्सने फोन त्याच्या कानाला लावला, काकूंनी हाक मारली आणि त्याचं एक बोट हललं. डॉक्टर म्हणाले, आईला आणा, जवळ बसून बोलू द्या. तिकीट कंपनी देणार होती. काकूंकडे पासपोर्ट नव्हता.

फोटोवाला ऑनलाइन अर्जही भरून द्यायचा. त्याने मागचं कपाट कापून फोटो चढवला. साइटने तो परत पाठवला. केसांच्या कडा कापल्या आहेत, मागची बाजू खरी हवी. तेव्हा मी आठवलो. मला झटकून टांगलं. माझ्या घड्यांच्या सावल्या उमटल्या. पुन्हा नकार. काकूंनी मला काखेत मारलं, घरी नेलं आणि पाणी शिंपडून इस्त्री केली. इतक्या वर्षांत मला कुणी असा हात लावला नव्हता. इस्त्री फिरवताना त्या मुलाशी बोलत होत्या. फोन कपड्यांच्या ढिगाला टेकवलेला. ‘अरे, मी येतेय. फक्त फोटोचं अडलंय. तुझ्या आईचं थोबाड त्या मशीनला पसंत पडेना.’ पलीकडून फक्त यंत्राची टिकटिक.

तिसरा फोटो चांगला निघाला. मागे मी सपाट आणि पांढरा. पण साइटने पुन्हा नाक मुरडलं: दोन्ही डोळे पूर्ण उघडे नाहीत. काकूंची डावी पापणी जन्मापासून अर्ध्यावर उतरलेली. ती वर जात नाही. शेजारी गालावर इस्त्रीच्या वाफेने भाजल्याचा पांढरट डाग.

फोटोवाल्याची बायको म्हणाली, ‘अहो, डोळा तसाच आहे त्यांचा. तसं कळवता येत नाही का कुठे?’

‘कुणाला कळवू? साइटला कान आहेत?’

कान होते, मित्रांनो. डॉक्टरचा दाखला जोडायची सोय त्याच पानावर, खाली होती. त्याने तिथवर वाचलंच नाही. हात आपोआप चालला. त्याने काकूंचा उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डाव्याच्या जागी बसवला. हात चालूच होता, तर गालावरचा डागही पुसला, कपाळही नीट केलं. साइटने फोटो एका दमात घेतला. काकूंनी कॉम्प्युटरवर ती बाई पाहिली. ‘दादा, ही तर माझ्या लग्नाआधीची मी,’ असं म्हणून त्या हसल्या. तिघंही हसले. त्यांच्यामागे लटकून मी हे पाहत होतो आणि पडद्याला तोंड नसतं.

पासपोर्ट ऑफिसात काय झालं ते काकूंनीच येऊन सांगितलं. खिडकीतल्या बाईंनी फोटो पाहिला, काकूंना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि विचारलं, ‘या तुमच्या कोण?’ मग साहेबाला बोलावलं. खोटा फोटो म्हणून अर्ज रद्द. नवा अर्ज, नवी तारीख, वर चौकशी. काकू म्हणत होत्या, ‘मी त्यांना म्हटलं, बाई, हात लावून बघा, मीच आहे. तर म्हणाल्या, तुम्ही आहात हो, फोटो नाही.’

फोटोवाला खाली मान घालून बसला. बायको त्याच्यावर ओरडली. त्याने काकूंना डॉक्टरकडे नेलं, दाखला आणला, फोटो पुन्हा काढला. पापणी उतरलेली, डाग तसाच. दाखल्यासकट तो साइटने पहिल्याच खेपेला घेतला. चार ओळी खाली वाचलं असतं तर हाच फोटो तेव्हाही चालला असता.

चौकशी रेंगाळली. काकू रोज फोनवर बोलत राहिल्या. बोट पुन्हा हललं नाही. एके दिवशी नर्सने सांगितलं, आता फोन लावू नका.

पासपोर्ट त्यानंतर आला. काकू तो घेऊन स्टुडिओत आल्या. आता त्या भांडतील, तोडून बोलतील, असं मला वाटलं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पान उघडून दाखवलं.

‘फोटो चांगला आलाय, दादा. मीच आहे.’ मग म्हणाल्या, ‘दहा वर्षं चालतो म्हणे हा. आता जाऊ कुठे?’

फोटोवाल्याने पासपोर्ट मिटून त्यांच्या हातात ठेवला.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी गोड उपदेश असतो. जुन्या वस्तू जपा, वगैरे. मला नका जपू. मी चिंधी आहे, उद्या लादी पुसायला जाईन. पण तुमच्यासमोर माणूस येऊन बसला, तर त्याचा चेहरा सुधारायला धावू नका. तो आहे तसा बघा आणि आहे तसा पुढे पाठवा. त्याच्या आईला, त्याच्या लेकराला तो तसाच ओळखीचा असतो.