एक बुक्की आणि एक लाथ

गेंड्यानं दार वाजवलं नाही. खांदा मारून कडीसकट आत पाडलं. शिंपीण मशीनवर गणवेशाची बाही जोडत होती. नवरा खाटेवर उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की त्याचा श्वास अडकायचा, म्हणून झोपायचा तेही बसूनच. उंचीपायी त्याला सगळे उंट म्हणत. पत्र्यांच्या कारखान्यात उभी हयात त्यानं करवतीवर अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे कापण्यात घालवली होती, आणि आता दगड झालेली फुप्फुसं घेऊन घरी बसला होता. नुकसानभरपाईचा दावा त्यानंच पहिल्यांदा लावला. बाकीचे आजारी कामगार त्याच्याकडे डोळे लावून होते. उंटाचं जमलं तर आपलंही जमेल!

"दावा मागं घे," गेंडा म्हणाला. हा कारखान्याच्या ठेकेदाराचा माणूस. मान कुठं संपते आणि डोकं कुठं सुरू होतं, कळू नये असा.

"तुझ्या बापाला सांग मागं घ्यायला," उंट म्हणाला. दम उरला नव्हता, जीभ मात्र शाबूत होती.

गेंड्यानं त्याच्या छातीत बुक्की घातली. आत काहीतरी कडकन मोडलं. उंट खाटेवरून घसरला, तशी बरगडीत लाथ बसली. गेंड्याचा पाय पुन्हा उचलला जाणार, तोच शिंपिणीनं मशीनवरची कात्री उचलून त्याच्या दंडात मुठीपर्यंत रुतवली. तो बैलासारखा ओरडला. तिला झिंज्या धरून त्यानं भिंतीवर आपटलं. तिचा पुढचा दात पडला, तोंड रक्तानं भरलं.

"ऊठ रे, नाटकं करू नको," गेंडा उंटाला म्हणाला.

उंट उठला नाही. त्याचे ओठ काळेनिळे पडले होते, तोंड नुसतं उघडत होतं आणि मिटत होतं. गेंड्यानं वाकून बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. दंडात कात्री तशीच घेऊन तो पळत सुटला. शिंपीण सरपटत नवऱ्यापाशी गेली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. शेजारची माणसं रिक्षा घेऊन आली तेव्हा तो गेलेला होता.

पोलिसांसमोर ती रक्ताच्या गुळण्या थुंकत बोलली. "लाथांवर लाथा घातल्या त्यानं. जीव जाईपर्यंत थांबला नाही मेला!" गेंड्याला त्याच दिवशी दवाखान्यात दंड शिवून घेताना पकडलं. ठेकेदार म्हणाला, हा कोण, मी ओळखतसुद्धा नाही.

काही दिवसांनी कारखान्याचा वकील स्वतः तिच्या दारात आला. आवाज लोण्यासारखा.

"ताई, त्या राक्षसाला फाशीच व्हायला हवी. तुम्ही पोलिसांना जे सांगितलंत, तेच दाव्याच्या सुनावणीत सांगा. शब्दही बदलू नका."

दीर बाजूलाच होता. तो म्हणाला, "वहिनी, माणूस शत्रूचा असला तरी बोलतोय खरं."

तिला मात्र कुठंतरी खटकलं. ज्यांनी कुत्रं सोडलं, तेच आता त्याला मारा म्हणतात? ती तडक आपल्या वकीलबाईंकडे गेली. बाईंनी डोक्याला हात लावला.

"अहो, दावा आता तुमच्या नावावर चालतोय. त्यांचं म्हणणं काय असणार? माणूस आजारानं गेलाच नाही, मारानं गेला. आमचा काय संबंध? तुम्ही जितका जास्त मार सांगाल, तितके ते सुटतील. आणि बाकीच्या कामगारांची सगळी प्रकरणं ह्याच्यावर अडलीत."

"आणि थोडा मार सांगितला तर?"

"तर गेंड्यावरचा खुनाचा गुन्हा ढिला पडेल. मी तुम्हाला अमुक सांगा म्हणणार नाही. काय झालं ते फक्त तुम्ही बघितलंय."

दीर घरी येऊन भांडला. "माझ्या भावाच्या खुन्याला सोडणार तू?" त्यानं पाण्याची कळशी लाथेनं उडवली. ती ओली फरशी पुसत राहिली.

सुनावणीला मागची बाकं भरली होती. खांदे वर उचलून श्वास घेणारी माणसं, तोंडावर रुमाल. आधी शवविच्छेदन करणारे डॉक्टर आले. बरगड्या तुटल्यात हे त्यांनी कबूल केलं. "पण फुप्फुसाला सुरी लावली तर करकर वाजलं," असंही म्हणाले. मग तिला उभं केलं. साक्षीसाठी तुरुंगातून आणलेला गेंडा बेड्या घालून कोपऱ्यात होता. तो तिच्याकडेच बघत होता.

"हा किती वेळ मारत होता, ताई?" कारखान्याच्या वकिलानं हळुवार विचारलं.

एका शब्दाचं काम होतं. शिंपिणीला त्याची ती मान दिसत होती, आणि तिच्याभोवती दोर. तिनं कठडा घट्ट धरला.

"एक बुक्की मारली. एक लाथ मारली. बस."

दीर मागून ओरडला. वकिलाचा आवाज कडक झाला. "पोलिसांना तर वेगळंच सांगितलंत!"

"तेव्हा मला ह्याचं रक्त प्यायचं होतं. अजून प्यायचंय. पण मारलं दोनदाच. माझा माणूस धडधाकट असता, तर त्यानंच ह्याला लोळवला असता. त्याला तुमच्या धुळीनं आधीच मारलं होतं, साहेब. हा फक्त शेवटी आला."

बाहेर पडवीत शिपाई गेंड्याला घेऊन निघाले, तर तो तिच्या पायाशीच कोसळला. "वहिनी, तुम्ही माझा जीव वाचवलात..."

शिंपिणीनं पिशवीतली पाण्यानं भरलेली स्टीलची बाटली काढली आणि त्याच्या तोंडावर घातली. नाक फुटलं. दुसरा फटका जबड्यावर, तिसरा कानावर. बेड्यांतले हात वर करून तो गुरासारखा हंबरत होता. "तुला वाचवलं? तुला?" ती किंचाळत होती, मारत होती. शिपायांनी तिला आवरायला जरा वेळच लावला. बाटली पार चेपली होती.

तिच्यावर मारहाणीचा गुन्हा लागला. समज देऊन सोडलं. गेंड्यावरचा खुनाचा गुन्हा हटला, त्याला काही वर्षांची शिक्षा झाली. दावा मंजूर झाला. कारखाना वरच्या कोर्टात गेला, तिथंही हरला. दीर मात्र कित्येक महिने तिच्या घराची पायरी चढला नाही, आणि त्याचं तिला वाईट वाटत राहिलं.

मग बाकीच्यांच्या सुनावण्या सुरू झाल्या. शिंपीण प्रत्येकीला जाऊन पहिल्या बाकावर बसायची. पडवीत तिचा हात पिशवीकडे गेला, की कारखान्याचा वकील बोलता बोलता मागं सरकायचा.