बाळासाठी स्वच्छ केलेली खोली

सोनोग्राफी करून घरी आले तर दारातच उग्र वास नाकात घुसला. सासूबाई, म्हणजे वैजयंतीबाई, खुशीत उभ्या होत्या. आमच्या मागे त्यांनी माणूस बोलावून अख्ख्या घरात पेस्ट कंट्रोल करून घेतलं होतं. डोहाळजेवण तोंडावर आलेलं, पुढे बाळ येणार, झुरळ दिसता कामा नये. वर औषधाचा गुण जाऊ नये आणि गर्भारणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या गच्च बंद, फटींत जुन्या साडीच्या चिंध्या. एवढी माया की पळून जावंसं वाटावं.

मी रबाळ्याच्या एका लॅबमध्ये नाळेतलं रक्त तपासते. गरोदर बाईच्या शरीरात कीटकनाशक गेलं तर बाळाच्या रोगप्रतिकारक पेशींचं काय होतं, हाच आमचा विषय. त्यातून माझी वार गर्भाशयात खाली सरकलेली असल्यामुळे डॉक्टरांनी मला पलंगाला जखडलेलं. माझा नवरा निशांत मला पलंगावर निजवून ऑफिसला पळाला.

सासूबाईंना खिडकी उघडा म्हटलं. त्यांनी कुरकुरत चिंध्या काढल्या, काच सरकवली, तर खाली फॉगिंगचं मशीन घरघरत आलं. सोसायटीत डेंग्यू निघालेला. धूर वर चढायला लागला तशी काच पुन्हा लावली. आत तेच, बाहेर तेच. माहेर कोल्हापूरला, पण प्रवास बंद. मी ओढणी नाकाला धरून पडले. ओढणीने काही होत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. बाळ आत फिरत होतं आणि मी भयंकर घाबरले होते.

घाबरण्याचं खरं कारण सांगायला जीभ रेटत नव्हती. निशांतच्या वेळी सासूबाई निफाडला द्राक्षबागेत होत्या. पोट वर आलं तरी मी फवारणीचं औषध कालवायचे, असं त्या अभिमानाने सांगत. निशांतला लहानपणापासून दमा. या दोन गोष्टी मी घरात कधी एकत्र बोलले नव्हते.

शेवटी बोलले. "आई, हे औषध बाळापर्यंत पोचतं. काही बाळांच्या पेशी त्याने बदललेल्या दिसतात. पुढे अ‍ॅलर्जी, दमा होण्याची शक्यता वाढते."

त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. म्हणाल्या, "मग आमच्या निशांतचा दमा?"

"एकाच मुलाबद्दल तसं नाही सांगता येत, आई."

खरंच येत नाही. लॅबमध्ये हे वाक्य मी सहज बोलते. त्या दिवशी त्याची लाज वाटली.

त्यांनी साबणाचं पाणी केलं, मी बजावलं म्हणून भांडी घासायचे हातमोजे घातले आणि खाली बसून भिंतीच्या कडा पुसायला घेतल्या. धूर विरल्यावर सगळ्या खिडक्या उघडल्या. वास काही जाईना. किती पुसलं म्हणजे जाईल, असं त्यांनी विचारलं.

संध्याकाळी निशांत आला. उंबऱ्यातच खोकल्याची उबळ आली, तशी त्याने खिशातून इनहेलर काढला. सासूबाई ओलं फडकं टाकून धावल्या. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, तो शांत झाला तरी थांबेनात.

"अगं आई," तो हसत म्हणाला, "एवढं काय? माझं रोजचंच आहे."