घरचा हात

संगमेशने कोपर जमिनीला टेकवलं, भगव्या कापडाची कड मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताणली आणि मोठ्याने म्हणाला, "छत्तीस."

कापड संपलं होतं.

देवळाच्या ओट्यावरची माणसं पुढे सरकली. देवळाच्या निशाणाला चाळीस हात कापड लागायचं, तेही मानकऱ्याच्या घरच्या उजव्या हाताने मोजलेलं. कमी भरलं तर मान दुसऱ्या घरी जायचा. मानकरी सिद्धलिंगप्पांना गेल्या पावसाळ्यात लकवा झाला. उजवा हात कोपरात आखडला आणि मिटलेली मूठ उघडलीच नाही. म्हणून यंदा पुतण्या संगमेश मोजत होता.

"कापड आणलं कुणी?" बसवंतने विचारलं. मान गेला तर त्याच्याच घरी जाणार होता.

"मी," सिद्धलिंगप्पांची लेक मंजुश्री म्हणाली. "दोन हातांचा एक वार. उदगीरचा दुकानदार मीटर मीटर करत होता, मी वीस वार बराबर मोजून घेतले."

"बीएस्सी करून चार हात खाल्ले की गं," बसवंत म्हणाला.

हशा पिकला. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती संगमेशच्या हाताकडे बघत होती. पर्समधली शिवणाची टेप काढून तिने त्याच्या कोपराला लावली.

"वीस इंच. दादा, अर्धा वार म्हणजे अठरा. अप्पांचा हात तेवढाच होता. कापड कमी न्हाई, तुझा हात लांब हाय."

मग तिने टेप स्वतःच्या हाताला लावली. सोळा. वीस वारांचे इंच सातशे वीस. त्याला सोळाने भागताना तिचे ओठ हलले, आणि भागाकार लागला तसे कान तापले.

"स्वामी, मीबी घरचीच हाय. मी मोजू?"

"आता पोरी मोजणार का निशाण?" बसवंत म्हणाला.

देवळाचे पुजारी सिद्रामप्पा स्वामी म्हणाले, "नियम घरच्या हाताचा हाय. पोराचा का पोरीचा, हे कुणी सांगितल्यालं मला तरी आठवत न्हाई. मोज."

मंजुश्रीने बांगड्या मागे सारल्या आणि मांडी घातली. दहापर्यंत ती एकटीच मोजत होती. विसाला संगमेशने आवाज मिळवला, तिसाला ओटाभर माणसांनी. चाळीस झाले, तरी कापडाच्या घड्या पुढे पडूनच होत्या.

"पंचेचाळीस," ती म्हणाली.

"मी मोजून मान घालवला असता की," संगमेश हसत म्हणाला. कापड बांधायला बसवंतनेच निशाणाची काठी आडवी धरली.

कापड उरलंच तर त्याचा रुमाल मानकऱ्याच्या डोक्याला बांधायची रीत होती. स्वामींनी पाच हात कापून घेतलं, त्याची पट्टी केली आणि ते सिद्धलिंगप्पांकडे वळले.

सिद्धलिंगप्पांनी डोकं बाजूला घेतलं. डावा हात लेकीच्या पाठीवर ठेवला आणि तिला अर्धं पाऊल पुढे सारलं.

स्वामी पट्टी धरून तसेच उभे राहिले.

"वेणी जरा बाजूला घे, बाई," ते म्हणाले.