प्याल्याची तपासणी

चांदीच्या प्याल्याची कड एका बाजूला पाऊण मिलिमीटरने पातळ होती. प्रयोगशाळेतल्या टेबलावर तिने ती दोनदा मोजली. कित्येक पिढ्यांचे ओठ आणि ते पुसणारा रुमाल, दोघांनी मिळून ती झिजवली असणार. गेल्या तीन वर्षांत मात्र ही झीज थांबली होती, कारण चर्चच्या मंडळीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचे प्रभुभोजनच झाले नव्हते.

भांडण प्याल्याचेच होते. सगळ्यांनी एकाच प्याल्यातून प्यावे, की प्रत्येकाला वेगळी छोटी पेली द्यावी? पंचांच्या समितीत दोन्ही बाजूंना वचने तोंडपाठ होती. एक जण म्हणे, शास्त्रात प्याला एकच फिरला. दुसरा म्हणे, आधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असे लिहिले आहे, त्यात घशाचीही आली. निर्णय होईपर्यंत प्रभुभोजन स्थगित ठेवावे, यावर मात्र पाच मिनिटांत एकमत झाले. शेवटी विज्ञानाला विचारायचे ठरले आणि मंडळीतलीच जिवाणूतज्ज्ञ म्हणून प्याला तिच्याकडे आला.

‘‘तीन वर्षं कपाटात बंद असलेल्या प्याल्यावर काय सापडणार?’’ तिने विचारले होते.

‘‘पद्धत म्हणून करा हो,’’ समितीकडून उत्तर मिळाले.

तिने पद्धतशीर केले. हवेतले नेहमीचे चार जिवाणू सापडले. ‘निरुपद्रवी’ असे तिने अहवालात लिहिले.

घरी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. अन्ननलिका आक्रसत चालली होती. दिवसाकाठी चार-पाच चमचे पातळ पेज तेवढी उतरायची. शुक्रवारी नळी घालायची होती. त्यानंतर तोंडाने काही नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. त्याआधी एकदा प्रभुभोजन मिळावे, एवढे एकच मागणे सासूबाईंनी लावून धरले होते.

चर्चचे पाळक दर मंगळवारी येऊन स्तोत्र वाचत.

‘‘वाचता छान,’’ काल सासूबाई त्यांना म्हणाल्या होत्या, ‘‘पण आमंत्रण तेवढं वाचून दाखवता, जेवायला काही बसवत नाही.’’

‘‘समितीचं एकदा ठरलं की...’’ पाळक चष्मा पुसू लागले.

‘‘समिती अजून तरणी आहे हो. मी नाही.’’

म्हणून आज, बुधवारी, ती अहवाल घेऊन स्वतः बैठकीला गेली.

‘‘निरुपद्रवी. म्हणजे प्रश्न मिटला,’’ एका प्याल्याचे पंच म्हणाले.

‘‘पण आहेत ना?’’ पेल्यांचे पंच म्हणाले. दोन्ही बाजू एकाच कागदावर खूश झालेल्या तिने पहिल्यांदाच पाहिल्या.

तिने सासूबाईंचा विषय काढला, तेव्हा समितीतले ‘दुरुस्ती’ सावरून बसले. प्रत्येक ठरावाला दुरुस्ती सुचवत असल्यामुळे सगळे त्यांना तसेच म्हणत. त्यांना त्याचा अभिमानही होता.

‘‘आजींचा विषय विषयपत्रिकेवर नाही.’’

‘‘काका, शुक्रवारनंतर त्यांच्या घशातून थेंबही उतरणार नाही.’’

‘‘म्हणूनच घाई नको. चुकीचा पायंडा पडायचा. घरचं प्रभुभोजन स्थगितीत येतं की नाही, यासाठी उपसमिती नेमू.’’

‘‘ती कधी बसेल?’’

‘‘पुढच्या महिन्यात. आजींना रीतसर कळवू.’’

तिने अहवालाची घडी घातली. राग आला की ती प्रश्न लहान करत जाई.

‘‘पाळकसाहेब,’’ ती कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळून म्हणाली, ‘‘प्रभुभोजन देतं कोण?’’

‘‘मी देतो.’’

‘‘मग तुमचं काय म्हणणं आहे?’’

हे तीन वर्षांत त्यांना कोणी विचारले नव्हते. ते पाळकांच्याही सोयीचे होते. आता काही आधार लागेल असे वाटून दोन्ही बाजूंच्या पंचांनी शास्त्राची पाने चाळायला सुरुवात केली. पाळकांनी आपल्या मांडीवरचे पुस्तक मिटले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

‘‘मी उद्या सकाळी आजींना प्रभुभोजन देणार आहे,’’ ते म्हणाले.

‘‘कशातून?’’ दुरुस्तींनी विचारले.

‘‘आजी म्हणतील त्यातून. आणि रविवारी इथंही देणार.’’