संबूच्या डब्यातलं वरण

संबोधीनं मटण सोडलं त्याला तीन महिने होत आले होते, आणि त्या तीन महिन्यांत तिच्या आजीच्या, सखूच्या जिवाला घडीभर स्वस्थता नव्हती. पोरगी आठ वर्षांची. हातापायांच्या काड्या, डोळ्यांखाली काळं, हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या त्या फ्लॅटचे तीन जिने चढली की भिंतीला टेकून उभी राहायची. मुलगा संघपाल रेल्वेच्या ऑफिसात, सून शिवानी आबिड्सच्या एका लॅबमध्ये, दोघं आठला घराबाहेर पडत. मग चूल म्हणा, डबा म्हणा, पोरगी म्हणा, सगळं सखूच्या अंगावर. पोरगी वाळली तर बोट कुणाकडे जाणार? कुणी दाखवत नव्हतं, पण सखूला ते दिसत होतं.

तशी संबूची खाण्याची नाटकं काही नवी नव्हती. वांगं दिसलं की ओकारी, पालक घशाखाली उतरत नाही, दही आंबट, दुधाला साय आली म्हणजे दुधाचा जन्मच वाया. काहीही पुढं केलं की “नक्को” ठरलेलं. पण एक गोष्ट ती चाटूनपुसून खायची, ती म्हणजे मटणाचा रस्सा. नळी चोखत बसली की तासभर घरात शांतता. तेवढ्या एका आधारावर सखूनं आठ वर्षं काढली होती, आणि तोच आधार गेला. वरून घालवला कुणी? तर स्वतः सखूनंच.

झालं असं की, रोज संध्याकाळी घरात बुद्धवंदना व्हायची. संबूला पंचशील तोंडपाठ होतं, पण अर्थ ठाऊक नव्हता. एका संध्याकाळी तिनं विचारलं, पाणातिपाता म्हणजे काय गं? सखूचा ऊर भरून आला. नांदेडच्या विहारात भंतेजींपुढं बसून तिनं स्वतः हे शिकलेलं. तिनं ऐटीत सांगितलं, कुणाचा जीव घ्यायचा नाही असं आपण रोज कबूल करतो. संबूनं विचारलं, कोंबडीचा पण? आता काय सांगणार? सखू म्हणाली, आपण कुठं घेतो, तो दुकानवाला घेतो. त्यावर ही बया म्हणते, त्याला पैसे तर आपणच देतो ना. आणि त्या रविवारी तिनं ताट सरकवलं ते सरकवलंच.

संघपालला आधी वाटलं, शाळेत कुणीतरी काहीतरी बोललं असणार. आपल्या खाण्यावरून आपल्याला कायकाय ऐकावं लागलं ते तो विसरला नव्हता. शाळेत जाऊन जाब विचारायला निघालाच होता. पण हे घरातूनच, रोजच्या वंदनेतूनच आलंय कळल्यावर तो परत खुर्चीत बसला. मग लेकीला जवळ घेऊन त्यानं सांगितलं, कुणाच्या भीतीनं सोडू नकोस, मनापासून सोडत असशील तर तुझ्या ताटात ते पुन्हा येणार नाही, बाबाचा शब्द आहे. सखूला त्याचं कौतुकही वाटलं आणि रागही आला. शब्दानं काय पोट भरतं?

मग शिवानीनं एकदा लॅबमध्येच रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक चार. डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, महिनाभरात वाढलं नाही तर दवाखान्यात ठेवून सलाइनमधून लोह द्यावं लागेल. हे ऐकून सखूच्या पायाखालची जमीन सरकली. तिची दुसरी लेक चार वर्षांची असताना अशीच पांढरी पडत गेली होती. गावात तपासणी कुठली आणि काय कुठलं. एका थंडीत पोर हातातून गेली. संबूच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघताना सखूला तीच पापणी दिसायची.

आठवडाभर तिनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. बीट किसून पराठ्यात घातलं, संबूनं पराठा सोलला. नाचणीचे लाडू केले, ते शाळेच्या बाकाखाली सापडले. खजूर, गूळ-शेंगदाणे, राजगिरा, सगळ्याला नक्को. एकच गोष्ट ती जरा तोंडात घ्यायची, अंबाडीचं वरण. अंबाडीला इथं गोंगुरा म्हणतात आणि ती बारा महिने मिळते, एवढंच काय ते हैदराबादचं सखूला मनापासून आवडलं होतं. तूरडाळ, अंबाडी, वरून लसूण-मिरचीची खमंग फोडणी. पण तेही संबू चार चमचे खायची आणि वाटी सरकवायची. ते चार चमचे सखू मनात मोजायची.

आणि मग एका मंगळवारी, पोरगी शाळेत गेल्यावर, सखू पिशवी घेऊन खाली उतरली आणि बकऱ्याचे चार पाय घेऊन आली.

खिडक्या उघड्या टाकून, अगरबत्ती लावून तिनं ते दोन तास शिजवले. पाणी गाळून घेतलं, हाडं तीन पिशव्यांत बांधून गल्लीच्या टोकाला टाकली. ते पाणी एका डब्यात भरून फ्रिजमध्ये इडलीच्या पिठामागं लपवलं. अंबाडीच्या आंबटपणात सगळा वास मरतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वरणात दोन डाव पाणी घातलं, ढवळलं. मनाला सांगत होती, अगं, औषधच आहे हे.

त्या दिवशी संबूनं वाटी चाटली. दुसऱ्यांदा मागून घेतली. म्हणाली, आजी, आज लई भारी झालंय. सखू मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली.

त्यानंतर रोजच्या डब्यात तेच; पाणी संपलं की सखू पुन्हा पाय आणायची. पोरगी खाऊ लागली, भांडू लागली, जिने एका दमात चढू लागली. संध्याकाळची वंदना मात्र सखूला जड जायला लागली. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही म्हणायची वेळ आली, की तिला नेमका खोकला यायचा. संबू तिच्यासाठी पाण्याचा पेला आणून ठेवायची, आणि त्या पेल्याकडं बघून सखूला आणखीच कानकोंडं व्हायचं. शिवानीला सांगून टाकावं असं दहादा मनात आलं. दहाही वेळा तिनं गिळलं.

महिन्यानं नवा रिपोर्ट आला, नऊ पूर्णांक सात. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. शिवानीनं सासूचे हात हातात घेतले, तुमच्यामुळं झालं म्हणाली. संघपालनं जिलेबी आणली. सखूला ती गोड लागेना. आता थांबवावं, तर आकडा खाली येईल. चालू ठेवावं, तर किती दिवस? तिच्या जिवाला नुसता घोर लागला.

आणि त्याच आठवड्यात दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरची अपर्णा. पुण्याहून लग्न होऊन इथं आलेली, सासूबरोबर राहणारी, घरूनच लॅपटॉपवर काम करणारी. तिची श्रुती संबूच्याच वर्गात, संबूच्याच बाकावर. जिन्यात हसण्यापलीकडं या दोन घरांचं जाणंयेणं नव्हतं. अपर्णा मोकळेपणानं आत आली आणि हसत म्हणाली, आजी, तुम्ही काय जादू करता हो? आमची श्रुती घरी वरणाला शिवत नाही आणि संबूच्या डब्यातलं रोज निम्मं खाते. पंधरा दिवस झाले, रोज तुमच्याच वरणाचं कौतुक ऐकतेय.

दोघी पोरी वाटून खातात हे सखूला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. अपर्णाच्या घरात तर अंडंसुद्धा चालत नव्हतं. सोफ्यावर बसलेली संबू अभिमानानं सांगत होती, मीच श्रुतीला म्हटलं, आमचं पण व्हेज आहे, खा बिनधास्त. अपर्णानं एक स्टीलची वाटी पुढं केली आणि उद्या थोडं वरण द्याल का, म्हणून विचारलं.

त्या वाटीकडं सखू बघतच राहिली. आजवरच्या आयुष्यात तिच्या हातचं मागायला अशा घरातलं कुणी दारात आलं नव्हतं. लहानपणी पाणीसुद्धा वरून ओंजळीत ओतून मिळायचं. आणि आज मागायला आलं, ते नेमकं यासाठी! हे कळलं तर काय होईल ते तिला लख्ख दिसत होतं. सखू एकटी वाईट ठरणार नव्हती. ही असलीच माणसं म्हणतील, मुद्दाम केलं म्हणतील. जिना, शाळा, संबूचा बाक, सगळीकडं तेच चालेल.

रात्रभर विचार करून तिला वाट सापडली. उगाच घाबरले, मनाशी म्हणाली. उद्या साधं वरण करायचं, वाटीभर द्यायचं, डब्यातही साधंच भरायचं, फ्रिजमधलं पाणी ओतून टाकायचं, विषय मिटला. कुणाला कळणार आहे? डबा ओतायचा तेवढा राहून गेला, बाकी तिनं तसंच केलं. अंबाडीचं, त्या पाण्याशिवायचं, चोख वरण तिनं वाटीत भरून वर पोचवलं.

संध्याकाळी अपर्णा परत आली. बरोबर श्रुती. संबूही तिथंच, जमिनीवर वही घेऊन बसलेली. अपर्णा जरा ओशाळून म्हणाली की श्रुती म्हणते हे ते नव्हेच, ते वेगळं लागतं. काल श्रुतीनं तुमचं उरलेलं तिच्या डब्यातून घरी आणलं, ते मी पण चाखलं आणि सासूबाईंनीही चमचाभर खाल्लं, त्यांनाही फार आवडलं. तुम्ही वेगळं काय घालता तेवढं सांगा, म्हणजे मी घरीच करत जाईन.

“आजी, सांग ना,” संबू म्हणाली.

हाताची चव आहे म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द ओठावर आलेही. पण म्हातारी सासू, एकादशी धरणारी, तिनंही चमचाभर खाल्लं होतं. आणि संबू मान वर करून बघत होती, आपल्या आजीची करामत ऐकायला. सखूच्या लक्षात आलं की आता जे खोटं बोलू ते रोज बोलावं लागणार.

“त्यात पायाचं पाणी असतं,” ती म्हणाली. “बकऱ्याच्या. मी घालत होते. आजचं तेवढं साधं होतं. संबूला ठाऊक नाही, तिच्या आईबापाला पण नाही. चूक माझी एकटीची आहे, ताई.”

अपर्णा ओरडली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला. किती दिवस, एवढंच तिनं विचारलं. महिनाभर, सखू म्हणाली. अपर्णानं पोरीचा हात धरला, दारापर्यंत गेली, आणि वळून म्हणाली, “सासूबाईंना कळता कामा नये. एवढंच करा.” पुन्हा वरण न्यायला धुऊन आणलेली वाटी ती तशीच हातात घेऊन गेली.

संबूनं वही मिटली. आत गेली आणि दार लावून घेतलं. वंदनेला आली नाही, जेवायला आली नाही. संघपाल आल्यावर सखूनं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला, “मी तिला शब्द दिला होता, आई.” शिवानीनं फ्रिजमधला तो डबा काढला, अजून ओतलेला नव्हता, आणि मोरीत उपडा केला. दाराबाहेर बसून सखूनं पोरीला हाका मारल्या, दुधाचा पेला ठेवला. पेला सकाळी तसाच होता. पोर उपाशी झोपली, आणि तेसुद्धा आपल्यामुळं. सखूला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं.

सकाळी ती स्वयंपाकघरात गेलीच नाही. कुठल्या तोंडानं जाणार? बाहेर खुर्चीवर बसून राहिली. शिवानी घाईघाईनं कुकर लावायला निघाली, तेवढ्यात शाळेचा गणवेश घातलेली संबू आली. तिनं प्लॅस्टिकचं स्टूल ओढत ओढत ओट्याजवळ नेलं आणि त्यावर चढून बसली.

“आजीच करेल,” ती म्हणाली. “मी बघते.”

सखू उठली. तिनं डाळ घेतली, संबूला दाखवली. अंबाडीची पानं दाखवली. लसूण, मिरच्या, मीठ, गूळ, पातेल्यात पडण्याआधी प्रत्येक गोष्ट पोरीसमोर धरली. तरुणपणी लोकांच्या अंगणात कामाला जायची तेव्हा बाया अशाच तिच्या हातांवर नजर ठेवून बसायच्या, कुठं लागेल, काय बाटवेल म्हणून, आणि तिच्या अंगाची लाहीलाही व्हायची. आज तसं काही झालं नाही. आज नजर ठेवणारीचं बरोबर होतं. तिनं पदर खोचला आणि दोन्ही हात पोरीला नीट दिसतील असे पुढं धरले.

फोडणी बसली. संबूनं चमचा मागितला. आधी वास घेतला, मग जिभेला लावला, मग खाल्लं.

“ते जास्त चांगलं लागायचं,” संबू खाली बघत म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “पण हेच दे.”

सखूनं डबा भरायला घेतला.

“अर्धाच, आता मी एकटीच खाणार,” संबू म्हणाली, “आणि उद्या पण मी बसणारे इथं.”

“बस,” सखू म्हणाली, आणि तिनं अर्धा डबा भरून झाकण लावलं.