पुढच्या ब्रेकचं रबर आणि मास्तरांचं फडकं

मी ब्रेकचं रबर बोलतोय. सायकलच्या पुढच्या चाकाचं, डाव्या अंगाचं. बोटभर लांबीचा काळा तुकडा मी, आणि माझ्या डोक्यात इतका गोंधळ माजलाय की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. माझं चुकलं, मास्तरांचं चुकलं, की कुणाचंच नाही? तुम्हीच ऐका आणि काय ते ठरवा.

माझं काम तसं सोपं. हँडलवरची दांडी दाबली की रिमला घट्ट धरायचं, सोडली की बाजूला व्हायचं. उजव्या अंगाला माझा जोडीदार, तोही तेच करायचा. सायकल चांगली चालली की लोक चाकांचं कौतुक करतात. आमचं नाव निघतं ते फक्त शिव्या घालताना. असो.

सायकल मुळात मास्तरांची. मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे. दांडी दाबायचे तीसुद्धा मोजून, वळणाच्या बरोबर दहा हात आधी. मग गेल्या हिवाळ्यात त्यांना फ्लू झाला, तो छातीत उतरला, आणि न्यूमोनियाने ते दवाखान्यात पडले. महिन्याने घरी परतले खरे, पण श्वास काही पुरा परतला नाही. दहा पावलं टाकली की भिंतीला हात. शाळेतली नोकरी सुटली. सायकल दाराआतल्या बोळकांडीत उभी राहिली आणि मी वर्षभर रिमकडे नुसता बघत बसलो.

यंदा पुन्हा फ्लूची साथ आली. डॉक्टरीणबाई घरी येऊन मास्तरांना तपासून गेल्या. जाताना दारात बाईंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, हळूच म्हणाल्या, "लस दिलीय, तरी सांगते. या खेपेला फ्लू घरात शिरता कामा नये. त्यांची छाती दुसऱ्यांदा नाही झेलायची."

घरात माणसं दोनच. मास्तर बाहेर पडत नाहीत. म्हणजे फ्लू आणला तर बाईच आणणार. त्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवतात आणि तिथे बसने जायच्या. बस कशी, तर खिडक्या बंद, आणि अर्धी बस खोकतेय.

"सायकल येते ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोकळ्या हवेतून जा. पोचल्यावर हात धुवा, आल्यावर हात धुवा. स्वतःला कणकण वाटली तर मात्र सायकल नाही, बस नाही, घरीच."

झालं! मी पुन्हा कामाला लागलो. काय आनंद झाला म्हणून सांगू.

गोंधळ तिथूनच सुरू झाला. बाई निघाल्या की खिडकीतून मास्तरांचा आवाज, "अगं, मफलर नाकावर घे! हेल्मेट नीट बांध!" बाई मफलर नाकावर घ्यायच्या. मग श्वासाने चष्म्यावर वाफ धरायची आणि पुढचं काही दिसायचं नाही. म्हणून कोपऱ्यावर वळलं की मफलर गळ्यात. दुकानाच्या दाराशी माणसं दिसली की पुन्हा नाकावर. मी विचार करायचो, हिला नेमकं कशापासून जपायचंय? हवेपासून, माणसांपासून, की खड्ड्यांपासून?

संध्याकाळी तर त्याहून वरताण. बाई हात धुवायला आत गेल्या की मास्तर हातमोजे चढवून बोळकांडीत स्टूल घेऊन बसायचे. खाली वर्तमानपत्र, हातात फडकं. डॉक्टरीणबाईंनी हात धुवा एवढंच सांगितलं होतं, मास्तरांनी त्याचं अख्खं प्रमेय केलं. आधी हँडलच्या मुठी पुसायचे. मग घंटी. मग ब्रेकच्या दांड्या. तिथपर्यंत सगळं बरोबर होतं, मलाही बरं वाटायचं. वर्षभर ज्यांना कुणी "जरा हे करा" म्हणून काही सांगितलं नव्हतं, ते पुसता पुसता चक्क शीळ घालायचे.

मग शेजारच्या इस्त्रीवाल्याला फ्लूने दवाखान्यात नेलं. त्या दिवसापासून मास्तरांचं फडकं खाली सरकलं. सीट झाली, पायडलं झाली, चाकाच्या तारा एकेक करून झाल्या, आणि शेवटी रिम. जंतुनाशकाच्या पाण्याने पुसलेली रिम गंजेल म्हणून त्यांनी कपाटातून लाकडी फर्निचर चमकवायचं तेल काढलं. दोन्ही चाकांच्या रिमा अशा चोपडल्या की त्यात चेहरा दिसावा. थोडं माझ्याही अंगावर ओघळलं.

"बघ, कशी लखलखतेय! जंतू बसेल कुठे?" मास्तर म्हणाले.

"घसरून पडेल बिचारा," बाई हसून म्हणाल्या. मीही हसलो. मला मेल्याला काय ठाऊक!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उताराला लागलो. घराच्या गल्लीपुढे लांब उतार आहे, खाली चौक. चौकात दुधाची गाडी आडवी येत होती. बाईंनी दांडी दाबली. मी रिम धरली. म्हणजे मी धरली, पण ती धरली गेलीच नाही. रिम माझ्या अंगावरून सुळकन निसटत राहिली. जोडीदाराचं तेच, मागच्या दोघांचंही तेच. बाईंनी दांडी आणखी आवळली, मी जीव खाऊन चिकटलो, काही उपयोग नाही. जन्मात पहिल्यांदा मला माझं काम येईना. बाई ओरडल्या, "अहो, बाजूला व्हा!" आणि हँडल वळवून थेट चौकातल्या वाण्याच्या दुकानाबाहेरच्या रिकाम्या खोक्यांच्या ढिगात शिरल्या.

खोकी होती म्हणून वाचल्या. मनगट मुरगळलं, गुडघा सोलला.

चौकातल्या सायकलवाल्याने चाकावरून बोट फिरवलं आणि बोट बघतच राहिला. "वहिनी, सायकल आहे का डोकं, तेल लावून द्यायला? कुणी केला हा शहाणपणा?"

बाईंनी वर घराच्या दिशेने पाहिलं. सायकलवाला जरा वेळाने समजला. तो मास्तरांचा जुना विद्यार्थी, भूमितीत दोनदा नापास झालेला. कान खाजवत म्हणाला, "सरांना मी असं म्हणालो ते सांगू नका हं."

त्याने रिमा घासून कोरड्या केल्या. आम्हा चौघांना काढून नवी रबरं बसवली. "हे तेल प्यायलेत, आता कामाचे नाहीत." जोडीदार कचऱ्याच्या डब्यात गेला. मला का कोण जाणे, बाईंनी कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

घरी मास्तर दारातच उभे. मनगटाला पट्टी बघून त्यांचा चेहराच उतरला. "काय झालं?"

"कुत्रं आडवं आलं," बाई म्हणाल्या.

मी पर्समध्ये थक्क! कुठलं कुत्रं? खरं सांगायला हिला कसली भीती? मार तर हिलाच लागला होता.

मास्तर हातमोजे चढवू लागले. "रस्त्यातली घाण लागली असणार चाकाला. आज दोनदा पुसतो." त्यांनी तेलाची बाटली उचलली. बाईंनी बाटलीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. आणि मला त्यांच्या तळहातावर ठेवलं.

मास्तरांनी माझ्यावर अंगठा दाबला. अंगठा घसरला. पुन्हा दाबला, पुन्हा घसरला. हुशार माणूस तो. त्यांनी रिमकडे पाहिलं आणि ते स्टुलावर बसले ते बसलेच.

"म्हणजे मी..." त्यांना पुढे श्वास पुरेना.

"अहो, मलाही कुठे कळलं? मीही हसलेच की."

"उद्यापासून बसने जा."

"बसमध्ये फ्लू आहे. तो तुमच्या छातीत गेला तर मी काय करू, सांगा ना."

"आणि तू गाडीखाली गेलीस तर मी काय करू?" मास्तर एवढ्या मोठ्याने ओरडले की त्यांना खोकल्याची उबळ आली. बाई पाठ चोळत राहिल्या. दोघंही रडत होते आणि दोघंही एकमेकांना थांबवत होते. मी आयुष्यभर थांबवण्याचंच काम केलं, पण यातलं कुणाचं बरोबर ते मला सांगता येईना.

डोळे पुसत मास्तर म्हणाले, "मग मी आता हातावर हात ठेवून बसू का?"

"मुठी पुसा, घंटी पुसा. चाकाला कोरडं फडकं. आणि मी निघायच्या आधी ब्रेक तपासून द्या. तुमच्याशिवाय मी नाही जायची."

मनगट बरं व्हायला आठवडा गेला. आठव्या दिवशी मास्तरांनी स्वेटर चढवला, मला खिशात टाकलं आणि ते बाहेर पडले. वर्षाने! उताराच्या तोंडापर्यंत पन्नास पावलं असतील. चार वेळा थांबले. बाई सायकल हातात धरून शेजारून चालत होत्या.

"दाब," मास्तर म्हणाले.

बाईंनी दांडी दाबली. मास्तरांनी असेल नसेल तेवढं बळ लावून सायकल पुढे ढकलली. ती तसूभर हलली नाही. मागचा ब्रेकही असाच पाहिला. मग धापा टाकत त्यांनी नुसता हात हलवला. जा.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. मी आता कुठल्या चाकाचा नाही, मास्तरांच्या खिशातला आहे. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं, की जिवाच्या माणसासाठी काय हवं ते पुसा, पण रिमवर तेल घालू नका, आणि निघण्याआधी आम्हाला एकदा दाबून बघा.

बाई उतारावरून गेल्या की मास्तर तिथेच उभे राहतात, अंगठा माझ्यावर. नवीन रबरं आहेत, अजून पुरती बसलेली नाहीत, त्यामुळे दांडी दाबली की किंचाळतात. खाली चौकातून ती कर्कश किंकाळी आली की मास्तर श्वास सोडतात आणि घराकडे वळतात. तो आवाज माझा नाही. तरी तो येईपर्यंत माझाही जीव थाऱ्यावर नसतो. आता मला कशाची काळजी? कळत नाही बुवा.