पहाटेच अडणारा श्वास

मित्रांनो, ज्यांच्या घरी दम्याचे माणूस आहे त्यांना माझा आवाज चांगला ठाऊक असेल. लोक मला वाफेचे मशीन म्हणतात, डॉक्टर नेब्युलायझर म्हणतात. खरे तर माझ्यातून गरम वाफ निघत नाही. माझ्या पोटातली मोटर हवा ढकलते, आणि त्या हवेच्या जोराने औषधाचे गार धुके होते. तेवढेच माझे काम. मी आता जुना झालो आहे. एका अंगाने मला तडा गेला आहे आणि त्यावर वायरमनची काळी पट्टी चिकटवली आहे. हा तडा कसा गेला ते तुम्हाला सांगतो. गोष्ट सरळ आहे, पण गोड नाही.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. मुलुंडच्या एका औषधाच्या दुकानात काचेमागे बसून रस्ता बघत माझे लहानपण गेले. एक दिवस सहदेव नावाचा माणूस आला. त्याने मला हातात घेऊन वजन बघितले आणि दुकानदाराला विचारले, "लहान पोरीला चालेल ना?" तिथून त्याने मला भांडुपला टेकडीवरच्या वस्तीत आपल्या बहिणीकडे नेले. बहिणीचे नाव शकु. तिची मुलगी गंधाली, सहावीतली. हडकुळी, बडबडी, लंगडीत सगळ्या गल्लीला हरवणारी.

हो, लंगडीत हरवणारी. सगळे भांडण तिथूनच सुरू झाले.

दिवसा गंधालीला काहीही होत नसे. शाळा, खेळ, टेकडीच्या पायऱ्या, सगळे झकास. पण पहाट जवळ आली की तिची छाती कोंडायची. आधी खोकला, मग शिटीसारखा आवाज, मग ती उठून बसायची आणि दोन्ही हात गादीवर रोवून हवेसाठी झगडायची. गळ्याखालचा खड्डा आत ओढला जायचा. शकु धावत येऊन मला लावायची. मी घुर्र करत जागा व्हायचो आणि गंधालीच्या नाकातोंडावरच्या मुखवट्यातून औषध आत जायचे. हळूहळू शिटी थांबायची. शकु माझ्यावर हात फिरवून म्हणायची, "वाचवलंस रे बाबा." कौतुक म्हणून मला एवढे पुरे होते.

पण त्या एका खोलीत नंदकिशोरही झोपत असे. गंधालीचा बाप. विक्रोळीच्या एका गोदामात तो माल उचलणारी गाडी चालवायचा. त्याची पाळी सारखी फिरायची. दमून येऊन जेमतेम डोळा लागतो तोच माझी घरघर सुरू व्हायची. पहिल्यांदा तो नुसता कूस बदलायचा. मग शिव्या द्यायला लागला. मग एका पहाटे त्याने पाण्याचा तांब्या भिरकावला. तो शकुच्या खांद्याला लागला आणि मी भिजलो.

"दिवसभर उड्या मारते आणि मी झोपलो की हिला दमा लागतो?" तो ओरडला. "नाटकं आहेत सगळी. तूच शिकवतेस तिला."

"अहो, तिचे ओठ निळे पडलेत, बघा तरी," शकु म्हणाली.

त्याने ओठ बघितले नाहीत. शकुच्या कानशिलात मारली.

शेवटी तो स्वतःच गंधालीला वस्तीखालच्या दवाखान्यात घेऊन गेला. शकुने मला पिशवीत घालून बरोबर घेतले. दुपार होती. डॉक्टरने घाईघाईने नळी लावून छाती तपासली. "छाती एकदम साफ आहे. काही नाही हिला," असे म्हणून त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

परत येताना पायऱ्यांवर, सगळ्या शेजाऱ्यांसमोर, नंदकिशोरने गंधालीचा दंड धरला आणि तिच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. ती पडली आणि तिचा गुडघा सोलवटला. "डॉक्टर बोलला, काही नाही. आता पुन्हा पहाटे आवाज आला तर बघ." नळावरच्या बायका आपापल्या कळश्या भरत राहिल्या. फक्त शेजारच्या माणिकमावशी कळशी खाली ठेवून म्हणाल्या, "नंद्या, पोर आसा ती. ढोर नाय." तो त्यांच्याकडे न बघता वर गेला.

मित्रांनो, त्यानंतर मी गंधालीला एक भयंकर गोष्ट शिकताना पाहिले. ती दमा लपवायला शिकली. पहाटे खोकला आला की ती पालथी होऊन उशीत तोंड खुपसायची. मी तिच्या उशाशी होतो आणि माझी वायर प्लगपासून हातभर लांब पडलेली असायची. तिची पाठ वरखाली होताना मला दिसायची. मला स्वतःहून सुरू होता येत नाही. यंत्राला एवढे दुःख कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण ज्या कामासाठी आपल्याला बनवले ते काम समोर असताना मुके पडून राहणे फार वाईट.

असे किती दिवस चालणार होते? एका पहाटे लपवणे तिला जमले नाही. ती उठून बसली तेव्हा खोकलाही येत नव्हता, शिटीही येत नव्हती. छातीत आवाज करण्याइतकी हवाच जात नव्हती. शकु जागी झाली. तिने दिवा लावला, औषधाची कुपी मोडली, माझ्या पेल्यात ओतली, मला सुरू केले. मी जीव तोडून घुरघुरलो.

नंदकिशोर उठला. त्याने वायर हिसडली, मला उचलले आणि भिंतीवर आपटले. माझे अंग फुटले. पेला एकीकडे, मुखवटा एकीकडे, औषध फरशीवर. शकु मुखवटा उचलायला वाकली तर त्याने तिच्या कमरेत लाथ घातली. तिचे कपाळ ओट्याच्या कडेवर आपटले आणि रक्त डोळ्यात उतरले. "आज हे नाटक संपवतोच," म्हणत तो गंधालीकडे वळला आणि तिचे केस धरून तिला उभे करू लागला.

गंधालीची मान लुळी झाली होती.

शकुने ओट्याखालचा वरवंटा उचलला. दोन्ही हातांनी वर नेला आणि ज्या हाताने त्याने केस धरले होते त्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी पडल्या जागेवरून ऐकला. तो किंचाळून खाली बसला. शकु त्याच्यासमोर वरवंटा धरून उभी राहिली. तिचा आवाज अगदी हळू होता.

"पुन्हा हात लावलास तर डोक्यात घालीन."

त्या क्षणानंतर शकुने नवऱ्याला 'अहो' म्हटले नाही.

दार धडधडत होते. शकुने कडी काढली तशा माणिकमावशी आत आल्या. त्यांनी एकदाच सगळीकडे बघितले. "चेडवाक माझ्याकडे दी," त्या गंधालीकडे हात पुढे करत म्हणाल्या. "तू मशीन घे. चल."

साठी ओलांडलेली ती बाई गंधालीला खांद्यावर टाकून टेकडीच्या पायऱ्या उतरली. मागे शकु, कपाळाला पदर दाबून, मला छातीशी धरून. माझी वायर तिच्या पायात अडकत होती. खाली एक रिक्षावाला सीटवर पाय पसरून झोपला होता. माणिकमावशींनी त्याला हलवले. त्याने गंधालीचे तोंड बघितले आणि काही न विचारता रिक्षा काढली.

मोठ्या हॉस्पिटलात तिला ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या, आणि माझ्यापेक्षा मोठ्या यंत्राने औषध दिले. मग छातीत पुन्हा शिटी वाजू लागली. तेव्हा नर्स म्हणाली, "आता हवा जातेय." शकु भिंतीला टेकून खाली बसली आणि तिथेच झोपली.

त्या वॉर्डच्या डॉक्टर होत्या दीप्ती. त्यांनी शकुच्या कपाळाला टाके घातले आणि नीट विचारले. शकुने सगळे सांगितले. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले. माझा तडा त्यांना बरेच काही सांगून गेला असावा.

दुपारी नंदकिशोर आला. हात प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी त्याला बाकावर बसायला सांगितले. गंधालीच्या खाटेजवळ येऊ दिले नाही.

"दुपारी छाती साफ होती, मॅडम," तो म्हणाला. "डॉक्टरनेच सांगितलं होतं."

"दुपारी साफच असणार," दीप्ती म्हणाल्या. "आपल्या शरीरात घड्याळ असतं. एक मेंदूत, आणि लहान लहान जवळजवळ प्रत्येक पेशीत. ॲलर्जी घडवणाऱ्या पेशीसुद्धा त्या घड्याळावर चालतात. दिवसा त्यांना आवरून धरणारं औषध शरीर स्वतःच बनवतं. रात्री ते कमी होतं, श्वासाच्या नळ्या आपोआप अरुंद होतात, आणि त्या पेशी चवताळतात. गादीतल्या धुळीवरसुद्धा शत्रू आल्यासारख्या तुटून पडतात. निरोगी माणसाला कळतही नाही. हिचा मात्र जीव जातो. उद्या पहाटे इथेच थांबा. बघा."

तो थांबला. पहाटे नर्सने गंधालीच्या हातात आकडे लिहिलेली एक नळी दिली. जोरात फुंकले की तिचा काटा पुढे सरकतो. गंधालीने गाल फुगवून सगळा जीव लावला. काटा जरासा सरकून थांबला. दुपारी तीच मुलगी, तीच नळी. काटा सरसर पुढे गेला. नंदकिशोरने दोन्ही वेळा दारातून पाहिले. त्याची मान खाली गेली.

"मला खरंच माहीत नव्हतं," तो शकुला म्हणाला. "आणि माझीपण पाळी फिरते. झोप नाही. मॅडम बोलल्या, त्यानं माणसाचं घड्याळ बिघडतं. डोकं फिरतं माझं."

शकु गंधालीची वेणी घालत होती. तिने हात थांबवला नाही.

"घड्याळानं लाथ नाही मारली. तू मारलीस."

"चुकलो म्हणतोय ना. दमा खरा होता."

"आणि खोटा असता तर?" शकुने विचारले. "नाटक असतं, तर मारायचंच होतं ना तिला?"

मी पुष्कळ माणसे पाहिली आहेत, पण एवढ्या साध्या प्रश्नासमोर इतका रिकामा झालेला चेहरा पाहिला नाही.

हॉस्पिटलातून निघाल्यावर शकु माणिकमावशींना घेऊन आधी पोलीस चौकीत गेली आणि मग घरी. नंदकिशोरला खोली सोडावी लागली. तो दहिसरला भावाकडे राहायला गेला. चौकशी सुरू आहे. वरवंट्याबद्दल शकुलाही विचारले, तिने काहीही लपवले नाही. तिला रात्री नीट झोप लागायला बरेच दिवस गेले. कपाळावरची खूण तशीच आहे.

सहदेवमामाने मला पट्टी लावून आणले. पण आता माझे काम फारसे नसते. डॉक्टरांनी गंधालीला रोज ओढायचे औषध दिले आहे. पहाटेची लढाई सुरू व्हायच्या आधीच ते नळ्यांना शांत करते. गाद्या उन्हात पडतात, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुऊन निघतात. मी फळीवर धूळ खात बसतो. पूर्वी दुर्लक्ष झाले की मला वाईट वाटायचे. आता पहाटे गंधालीचा लांब, सरळ श्वास ऐकत बसायला बरे वाटते.

मध्ये एका रविवारी नंदकिशोर आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने विचारले, "घरी येऊ?"

शकुने गंधालीकडे पाहिले. "बाबा, तुम्ही मोठ्यांदा बोललात की मला अजून भीती वाटते," ती म्हणाली. "भीती गेली की मी सांगेन."

तो "बरं" म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला. ती भीती अजून गेलेली नाही. जाईल की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र तुमच्या घरी असेल तर त्याचा मुखवटा वापरल्यावर धुवा, सुकवून ठेवा, वायर ओढू नका. एवढी आमची काळजी पुरे. खरी काळजी माणसाची घ्या. आजार आपल्या सवडीने येत नाही, तो त्याच्या वेळेला येतो. दुपारी हसणारे माणूस पहाटे गुदमरत असू शकते. अशा वेळी कोणी तुम्हाला उठवून म्हणाले, "मला श्वास घेता येत नाहीये," तर आधी दिवा लावा, औषध द्या, मोठ्या माणसांना हाक मारा. प्रश्न काय, ते सकाळी विचारता येतात.